पलटणीतला सोबती गेल्यावर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बरोबर नोकरी केलेला, एका बॅरकमध्ये राहिलेला मित्र गेला. आता त्याच्यासाठी नेमकं काय करायचं? या विषयावर सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

कारगिलच्या वेळी आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. मित्र गेल्या महिन्यात हार्ट अटॅकने गेला. पलटणीच्या स्मरणिकेसाठी त्याच्यावर दोन पानं मागितली आहेत, शिवाय गावच्या शोकसभेतही बोलायचं आहे. लिहायला बसलो की ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष’च्या पुढे गाडी सरकत नाही. (निवृत्त हवालदार, बार्शी)

अमुक माणूस कर्तव्यदक्ष नव्हता, असं श्रद्धांजलीत आजवर कुणाबद्दल छापून आलेलं नाही. म्हणून विशेषणं बाजूला ठेवा आणि आधी कागद गोळा करा. घरच्यांना विचारून त्याचं डिस्चार्ज बुक आणि पदकं टेबलावर मांडा. भरतीची तारीख, कोर्स, पदकं, निवृत्तीची रँक या गोष्टी डिस्चार्ज बुकात मिळतील. पदकं नुसती बघू नका, वाचा. कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. त्यासाठी भिंग आणि तिरपा उजेड लागतो. १९९९ साली प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना ऑपरेशन विजय स्टार मिळाला, तर त्या काळात इतर ठिकाणी तैनात असलेल्यांना ऑपरेशन विजय मेडल. १९७१ च्या युद्धातल्या माणसाकडे ‘पूर्वी’ (पूर्व आघाडीचा) स्टार आहे की ‘पश्चिमी’, यावरून तो कुठल्या आघाडीवर होता ते कळतं. आठवणीतली गोष्ट आणि पदक जुळत नसेल, तर पदकावर विश्वास ठेवा.

चुका होतात त्या रँकमध्ये. प्रसंग घडला तेव्हा तो लान्स नाईक असेल, तर त्या प्रसंगात त्याला सुभेदार करू नका. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला ऑनररी (मानद) कॅप्टन झालेल्या माणसाच्या नावामागे ‘ऑनररी’ लिहायलाच हवं. पलटणीतले वाचक ते पहिल्यांदा बघतात. द्रास, बटालिक, मुश्कोह, काकसर या वेगवेगळ्या जागा आहेत. सगळ्याला ‘कारगिलची टेकडी’ म्हणून मोकळं होऊ नका.

जुन्या सोबत्यांकडून आठवणी घ्याल त्या एकेकाला फोन करून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंत, तर पहिला जे लिहितो त्यालाच बाकीचे हात जोडतात आणि चुकीची तारीखसुद्धा सर्वानुमते पक्की होते.

मग एकच प्रसंग निवडा, तुमच्याशिवाय दुसरा कुणी सांगू शकणार नाही असा. ‘तो फार प्रेमळ होता’ याऐवजी, समजा, ‘नव्या पोराला पहिली रात्रीची पहाऱ्याची ड्यूटी लागली, की हा आपली झोप मोडून दोन वाजता त्याच्यासाठी मगभर चहा घेऊन जायचा’ असं एक वाक्य आलं, की काम झालं. मोठी चकमकच हवी असं नाही. लंगर, रजेची गाडी, घरून आलेल्या शेंगाचटणीची वाटणी, यातून माणूस जास्त दिसतो.

वगळायचं काय? पलटण आता कुठे आहे ते. दहशतवादविरोधी मोहिमांमधल्या अलीकडच्या जागा, तारखा आणि खबऱ्यांचे उल्लेख. चौकीवरचे, सामग्री दिसणारे फोटो. दुसरा एखादा जवान कसा गेला याचं वर्णनही नको. ती स्मरणिका त्याच्याही घरी जाणार आहे. दारूचे किस्से पत्नीला किंवा मुलांना आधी वाचून दाखवा. ते हसले तर ठेवा.

भाषण ४ मिनिटांचं पुरे, म्हणजे साधारण ४०० ते ४५० शब्द. मोठ्या टाइपात छापून घ्या आणि एक प्रत शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या हातात ठेवा. आवाज बहुतेक वेळा शेवटच्या भेटीच्या वाक्यावर जातो. तिथून पुढचं त्याने वाचायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

आमच्या गावात निवृत्त सुभेदार वारले. त्यांच्या मित्रांनी पार्थिवावर तिरंगा घालायला काढला, तेव्हा एका शिक्षकांनी अडवलं. वादावादी झाली. बरोबर कोण? (ग्रामपंचायत सदस्य, मोहोळ तालुका)

शिक्षक. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ प्रमाणे शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारांखेरीज कुठेही राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. निवृत्त सैनिकाला लष्करी किंवा शासकीय इतमाम आपोआप मिळत नाही. तो शासनाने किंवा लष्कराने ठरवायचा असतो. शौर्यपदक विजेते असतील किंवा तशी काही शक्यता वाटत असेल, तर निधन होताच तहसीलदार आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी यांना फोन करा, नंबर-रँक-नाव सांगा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. स्मशानात पोचल्यावर हा विषय काढून काही होत नाही.

इतमाम मिळालाच, तर केशरी पट्टा डोक्याकडे येतो. ध्वज चितेवर जात नाही की थडग्यात उतरत नाही. आधी काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. त्यावर नाव लिहायचं नाही.

इतमाम नसला म्हणून काही अडत नाही. पांढरी चादर, फुलं, आणि पार्थिवापुढे उशीवर त्यांची बेरे टोपी आणि पदकं घेऊन चालणारा एक सोबती, एवढं दिसायलाही शोभतं आणि कायद्यातही बसतं. उशी ज्याच्या हातात, त्याच्यावरच पदकं घरी परत पोचवायची जबाबदारी टाका. गर्दीत ती हरवतात, नाहीतर हारांबरोबर चितेवर जातात. तुम्ही स्वतः गणवेश न घालता स्वच्छ सदरा किंवा ब्लेझर घाला आणि आपली पदकं डाव्या छातीवर लावा. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करायचा नाही, सावधान उभं राहायचं.

फ्लेक्सवर ‘शहीद’ किंवा ‘हुतात्मा’ छापायचा मोहही टाळा. आजाराने घरी वारलेल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द बघून त्याच्या बरोबरीच्यांनाच अवघडल्यासारखं होतं. शिवाय चार हुतात्म्यांच्या या सोलापूर शहरात तो शब्द इतका स्वस्त करू नये.

मित्राच्या पत्नी चौथी शिकलेल्या, मुलगा पुण्याला कंपनीत. पेन्शनचं सगळं मित्रच बघायचा. मी काय मदत करू शकतो आणि कुठे हात लावू नये? (माजी नायक, जुळे सोलापूर)

पहिलं काम ऐकायला विचित्र वाटेल: त्याचं सिमकार्ड बंद होऊ देऊ नका. बँक, आधार, लष्करी पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. दहाव्याच्या गडबडीत रिचार्ज संपतो आणि पुढचे दोन महिने हेलपाटे सुरू होतात. तो नंबर मुलाने सांभाळायचा. तुम्ही ओटीपी विचारायचा नाही, आणि त्यांनी सांगितला तरी लिहून ठेवायचा नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी; शहरात महापालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. दाखल्याच्या ८-१० प्रती एकदमच काढा. दाखल्यावरचं नाव डिस्चार्ज बुकाप्रमाणे आहे का, ते खिडकी सोडण्याआधी वाचा.

मग ‘स्पर्श’वर निधनाची माहिती आणि कुटुंब निवृत्तीवेतनाचा अर्ज. घरून जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रावर किंवा कॉमन सर्व्हिस सेंटरवर होतो. सोबत दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, पत्नीचं आधार आणि पॅन, त्यांच्या नावाचं किंवा दोघांच्या नावाचं बँक पासबुक आणि फोटो ठेवा. उशीर केला की नवऱ्याचं पेन्शन खात्यात जमा होत राहतं, घरात खर्च होतं, आणि पुढे त्याची वसुली निघते. कुटुंब निवृत्तीवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, त्यामुळे लवकर कळवण्यात घरच्यांचं काही बुडत नाही.

किती मिळेल? साध्या कुटुंब निवृत्तीवेतनाचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये, वर महागाई सवलत. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल, तर पहिली ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर असतो. ती मुदत संपली की रक्कम उतरते. हे त्यांना आजच सांगून ठेवा. नाहीतर त्या दिवशी कुणीतरी पैसे खाल्ले अशी समजूत होते.

बहुतेक अर्ज अडतात ते नावावर. रेकॉर्डमध्ये ‘लक्ष्मी’, आधारवर ‘लक्ष्मीबाई’. रेकॉर्डमध्ये नुसतं वय, शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी. अशा वेळी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा किंवा शाळेचा जो पुरावा असेल तो, आणि रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला) अर्ज, असं सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. हे वाचणाऱ्या हयात पेन्शनरांनी आपल्या पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पीपीओत कशी लागली आहे, ते आज संध्याकाळीच बघावं. दोघं असताना जी दुरुस्ती सरळ होते, तिला नंतर फार वेळ लागतो.

मागे राहून जाणाऱ्या गोष्टी म्हणजे आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं एक्स्टेंडेड इन्शुरन्स, म्हणजे निवृत्तीनंतरही चालू राहणारा विमा (त्याचं प्रमाणपत्र बहुधा ट्रंकेच्या तळाशी असतं), पत्नीच्या नावाचं ओळखपत्र, तसंच त्यांच्या नावावर करून घ्यायची ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कॅन्टीनची कार्डं. निवृत्तीनंतर त्याने दुसरी सरकारी नोकरी केली असेल, तर तिथल्याही कुटुंब निवृत्तीवेतनाची चौकशी करा. एक घेतलं म्हणून दुसरं जात नाही.

मूळ कागद आपल्या घरी आणू नका. झेरॉक्स घ्या, मूळ त्यांच्याच कपाटात राहू द्या. ‘काही लागलं तर सांगा वहिनी’ म्हणून निघून जाऊ नका, कारण त्या सांगणार नाहीत. ‘सोमवारी अकराला रिक्षा घेऊन येतो, पासबुक काढून ठेवा’ असं ठरवून या.

वर्षश्राद्ध तिथीने होणार आहे. आम्हा माजी सैनिकांना वेगळा स्मृती कार्यक्रम करायचा आहे. दिवस कुठला धरावा, आणि कार्यक्रमात काय असावं? (मित्रमंडळ, सोलापूर)

दोन्ही दिवस वेगळेच पडणार. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते आणि मध्ये अधिक मास आला तर १९ एक दिवस पुढे जाते. तिथी घरच्यांची, तारीख पलटणीची, अशी सरळ वाटणी करा आणि घरच्या विधीच्या दिवशी बिगुल घेऊन जाऊ नका. मृत्यूची तारीख जमत नसेल, तर १६ डिसेंबर (१९७१ चा विजय दिन), २६ जुलै (कारगिल विजय दिन) किंवा पलटणीचा स्थापना दिन चालेल. १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन कागदावर चांगला दिसतो, पण सोलापुरात त्याच सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मार्गावर रस्ते बंद, आणि बाहेरगावचे ज्येष्ठ सोबती अडकून पडतात. मे महिन्यात करायचाच असेल, तर सकाळी ८ ला सुरू करून ९ ला संपवा.

क्रम असा ठेवा: पत्नी किंवा आईच्या हस्ते पुष्पचक्र, मग सोबत्यांचं, लास्ट पोस्ट (बिगुलाची निरोपाची धून), २ मिनिटं स्तब्धता, राउज (स्तब्धतेनंतरची बिगुलाची धून), आणि मग एखादं भाषण. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, शाल-नारळ यांना पूर्ण फाटा द्या. त्यात तास जातो आणि ज्याच्यासाठी जमलो तो बाजूला पडतो.

स्तब्धता घड्याळावर मोजायला एक माणूस नेमा. अंदाजाने धरलेली २ मिनिटं ४० सेकंदांत संपतात. एनसीसीच्या तुकडीत बिगुल वाजवणारा मुलगा असेल तर महिनाभर आधी विचारा. नसेल तर रेकॉर्डिंग चालेल, पण ते डाउनलोड केलेलं हवं आणि मोबाइल फ्लाइट मोडवर. इंटरनेटवरून थेट लावलंत तर लास्ट पोस्टच्या आधी साबणाची जाहिरात लागते. ब्लूटूथ स्पीकर तर भर शांततेत ‘बॅटरी लो’ म्हणून बोलतो, वायर जोडा. ‘शोक शस्त्र’ हा हुकूम हातात रायफली असलेल्या गार्डसाठी आहे. तुमच्याकडे गार्ड नसेल, तर नुसतं ‘सावधान’ पुरे.

आपल्या शहरात लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, सगळ्या घरांतून सैनिक गेलेले आहेत. फोटोला हार आणि समोर समई हे प्रत्येक घरात चालतंच असं नाही. आधी विचारा. फुलं वाहून शांत उभं राहणं सहसा सगळीकडे चालतं.

घरच्यांना त्याची पदकं लावायची असतील, तर ती उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची.

मित्र जाऊन चार महिने झाले. रात्री दोन-अडीचला जाग येते, जुन्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. घरी सांगायला लाज वाटते. (नाव-गाव दिलेलं नाही)

लाज वाटण्यासारखं यात काही नाही. सोबती गेला की त्याच्याबरोबरचा जुना काळही उकरला जातो, आणि ज्या गोष्टी तेव्हा बोलायला वेळ नव्हता त्या रात्री येतात. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर २४ तास फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. ईसीएचएसमधल्या डॉक्टरांना ‘झोप येत नाही’ एवढंच सांगू नका. मित्र गेल्यापासून येत नाही, असं सांगा. त्यावरून उपचार बदलतो. झोपेसाठी रात्रीचा पेग वाढवला असेल, तर तोही सांगा. दारूने झोप लागते खरी, पण ती उतरते नेमकी दोन-अडीचला. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका. लगेच घरच्या माणसाला उठवा आणि हाच नंबर लावा.

बाबांचे मित्र अविवाहित होते, त्यांची पदकं, गणवेश आणि फोटो आमच्याकडे आले. एक जुना ग्रुप फोटो काचेला चिकटला आहे. पदकं काळवंडली आहेत, ब्रासोने घासू का? (वाचक मुलगी, अशोक चौक, सोलापूर)

ब्रासो मुळीच नको. त्यात घासणारी पूड असते. चकाकी येते, पण कडेवरचं नाव आणि नंबर दरवेळी थोडे झिजतात. ही बहुतेक पदकं तांबं-निकेलच्या मिश्रधातूची असतात, त्यांचा थोडा काळवटपणा राहू द्या. हात धुऊन, कोरडे करून, मऊ सुती कापडाने पुसा. पदकाची रिबन ३२ मिलिमीटर रुंद असते; विरली असेल तर बेळगाव किंवा खडकीच्या लष्करी सामानाच्या दुकानात नवी मिळते. जुनी फेकू नका, पाकिटात ठेवा. कुठल्या क्रमाने लावली होती त्याचा फोटो काढल्याशिवाय एकही टाका उसवू नका, आणि शिंप्याला फेविकॉल वापरू देऊ नका.

सोलापूरच्या हवेत दमटपणाचा त्रास पावसाळ्याचे चार महिनेच. खरे शत्रू म्हणजे ऊन, धूळ आणि वाळवी. फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. एप्रिल-मेमध्ये ती भिंत संध्याकाळभर तापलेली असते. खिडकीच्या समोरही नको, रिबनचे रंग उडतात.

गणवेश गुंडाळायला मांजरपाट चांगला आणि तो आपल्याकडे कुठेही मिळतो, पण कोरा वापरू नका. मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ दिलेली असते, आणि त्या पिठुळ खळीवर कसर आणि झुरळं येतात. रात्रभर पाण्यात भिजवा, गरम पाण्याने दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा. कापडाचा कडकपणा पूर्ण गेला की मगच वापरा. गणवेशही धुऊन, इस्त्रीला स्टार्च न लावता ठेवा. पितळी बिल्ले आणि बटणं काढून वेगळी ठेवा, नाहीतर कापडावर हिरवे डाग पडतात. डांबरगोळ्या कापडाला चिकटून नकोत, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. वर्षातून दोनदा घड्या बदला. एकाच घडीवर कापड फाटतं.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वाफही देऊ नका. चेहऱ्यांचा थर काचेवरच राहतो. काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे फोटो १२०० वर. त्या स्कॅनचा मोठा प्रिंट काढा, चेहऱ्यांना नंबर द्या आणि बाबांच्या हयात सोबत्यांकडे घेऊन जा. नंबरासमोर नाव, गाव, साल. हे काम मात्र पुढे ढकलू नका, कारण नावं सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. इतर फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही.

१९७१ च्या युद्धात आमच्या गावचा जवान कामी आला. त्याच्या वर्गातले आणि पलटणीतले दोघं-तिघं अजून आहेत. त्यांना पुतळा हवा आहे. वर्गणी ९० हजार जमली आहे. (सरपंच, मंगळवेढा तालुका)

पुतळ्याच्या नादाला लागू नका. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जागेची मालकी, देखभालीची हमी, असं बरंच लागतं आणि ९० हजारांत चेहरा ओळखू येईल असा पुतळा होत नाही. भलत्याच माणसासारखा दिसणारा पुतळा रोज बघणं त्या सोबत्यांना जड जाईल. ग्रामसभेचा ठराव करून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शिला लावा. उरलेल्यातले ५० हजार मुदत ठेवीत ठेवले आणि व्याज ७ टक्के धरलं, तर वर्षाला ३,५०० रुपये येतात. त्यातून त्याच्या नावाने शाळेत बक्षीस देता येईल. ठेव शाळेच्या संस्थेच्या नावाने, आणि व्याज कशाला वापरायचं ते ठरावात लिहून.

मजकुराआधी त्याची नोंद मागवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज केला तर उत्तराची शक्यता वाढते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत, आणि स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. तिथलं इंग्रजी स्पेलिंग गावातल्या उच्चारापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून नंबरावरून ताळा करा. गावच्या शिलेवर नाव मात्र घरचे लिहितात तसंच हवं.

दगड ग्रॅनाइटचा घ्या. शहाबादी फरशी स्वस्त पडते, पण उन्हापावसात तिचे पापुद्रे सुटतात. ३ फूट बाय २ फूट, २० मिलिमीटर जाडीची पाटी जवळपास ३० किलो भरते. ती नुसत्या सिमेंटवर चिकटवू नका. मागे चार भोकं पाडून स्टेनलेस स्टीलच्या पिना इपॉक्सीने बसवा आणि खाली आधाराला पट्टी द्या. भिंत उत्तरेची किंवा पूर्वेची. नाव ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरात, बाकी मजकूर २५ च्या खाली नको. त्याहून बारीक अक्षर तीन मीटरवरून म्हाताऱ्या डोळ्यांना लागत नाही. सोनेरी रंग दोन उन्हाळ्यांत उडतो, पांढरा भरा.

मजकूर नंबर, रँक, नाव, पलटण, जन्म, वीरगतीची तारीख आणि जागा एवढाच असू द्या. खाली वर्गणीदारांची आणि उद्घाटकांची यादी नको. फार आग्रह झाला तर ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहा.

घोटाळा होतो तो दगड कोरणाऱ्याच्या संगणकावर. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर तो जुन्या फाँटमध्ये घेतो आणि जोडाक्षरं फुटतात, रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जागा बदलते. स्टेन्सिल कापताना अनुस्वाराचा ठिपका गळून पडतो. म्हणून कोरण्याआधी खऱ्या मापाचा कागद काढून घ्या आणि भिंतीवर लावा. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर एकेक अक्षर आणि आकडा टिक करत जायचं, आणि तिसरा माणूस असा बघा की ज्याने तो मजकूर आधी वाचलेला नाही. त्या कागदावर घरच्यांची सही झाली की मगच दगडाला हात लावू द्या.